दगडातले अक्षांश

१९८१ सालच्या डिसेंबरात नववीच्या मुलांना घेऊन मी वाईजवळच्या पांडवगडावर गेलो होतो. नकाशा जमिनीवर ठेवायचा, होकायंत्राने उत्तर शोधायची आणि समोरच्या डोंगरांची नावं ताडून पाहायची, एवढाच कार्यक्रम. शाळेकडे होकायंत्रं तीनच, म्हणून मुलांचे गटही तीन. माथ्यावरच्या एका उघड्या कातळावर एका गटाने होकायंत्र ठेवलं आणि त्यांचं सगळं गणित बिनसलं. त्यांच्या उत्तरेप्रमाणे सूर्य त्या दिवशी जवळजवळ दक्षिणेला मावळणार होता.

"सर, हे बिघडलंय," एक मुलगा म्हणाला.

मी ते उचलून दहा पावलं बाजूला नेलं, तर काटा ठीक. पुन्हा कातळावर आणलं की काटा फिरे.

"दगडात लोखंड असतं, म्हणून फिरतो," मी सांगितलं.

त्याने सभोवार पाहिलं. "पण सर, इथला सगळाच दगड सारखा आहे. मग तिकडे का नाही फिरत?"

मी घड्याळ बघितलं आणि उतरायला उशीर होतोय असं म्हणालो.

हा प्रश्न पुढे मला आयुष्यभर खुपत राहिला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तो साफ विसरलो. तेव्हा मी खंडवहन शिकवत होतो ते असं: वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात असं दिसलं, त्याने सिद्धांत मांडला, पुढे तो भूपट्टांच्या कल्पनेने सिद्ध झाला. फळ्यावर दोन खंडांच्या आकृत्या काढायच्या, मुलांनी त्या वहीत उतरवायच्या. 'सिद्ध झाला' या दोन शब्दांत काय दडलंय, हे मलाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर या विषयाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एका इंग्रजी पुस्तकाच्या पानावर, ब्रिटिश प्रयोगशाळांच्या गर्दीत, अचानक 'खंडाळा' हे नाव दिसलं. मग मात्र मला तो मुलगा आठवला.

या गोष्टीची सुरुवात खंडाळ्याच्या बरीच आधीची आहे आणि ती विदर्भात होते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५च्या सुमारास नागपुरात आले. शाळा चालवणं, धर्मप्रचार आणि उरलेल्या वेळात दगड फोडणं असा त्यांचा दिनक्रम. कामठी-सिलेवाड्याकडच्या वालुकाश्माच्या खाणींत त्यांना पानांचे ठसे सापडले. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. अशा पानांना फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी १८२८मध्येच 'ग्लॉसोप्टेरिस' असं नाव दिलं होतं, आणि त्यांच्यापुढे जे नमुने होते ते दोन देशांतून आले होते: भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून. मधल्या महासागराचं काय, हे तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. हिस्लॉप १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून वारले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सर्वांना माहीत असतं. त्या नावाच्या माणसाने पृथ्वीच्या इतिहासाचं एक पान अक्षरशः हातात धरलं होतं, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

दुसरा पुरावा याहून चक्रावणारा होता. ओरिसातल्या तालचेर इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींना १८५६मध्ये बारीक चिखलात रुतलेले मोठमोठे धोंडे सापडले. नदी असे धोंडे वाहून आणते तेव्हा बारीक गाळ बरोबर ठेवत नाही. दोन्ही एकत्र टाकून जातं ते बर्फ. उष्ण कटिबंधात बर्फ म्हटल्यावर लंडनमध्ये लोक हसले असतील. पण १८७५मध्ये फ्रान्सिस फेडन यांनी चांद्याजवळ पैनगंगेकाठी इरई गावापाशी चुनखडकाचा एक असा पृष्ठभाग नोंदवला, की तो घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर ओरखडे एकाच दिशेने ओढलेले. हिमनदी तळाशी दगड घेऊन सरकते तेव्हा खालच्या कातळावर असेच ओरखडे उठतात. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की ज्या गावाची बातमी पहिल्या पानावर येते, तिथे जवळपास तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदी वाहत होती.

या सगळ्या थरांना मेडलिकॉट यांनी १८७२मध्ये 'गोंडवाना' म्हटलं. कोळसा, पानांचे ठसे आणि बर्फाच्या खुणा असलेले असेच थर दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही निघत गेले, तेव्हा ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी १८८५मध्ये या सर्वांना जोडणाऱ्या प्राचीन भूखंडाला 'गोंडवाना-लँड' असं नाव दिलं. गोंडवाना म्हणजेच गोंडांचा प्रदेश, तेव्हा त्याला पुन्हा 'लँड' जोडणं म्हणजे पिवळा पितांबर. पण नाव रुजलं. स्यूस यांच्या मते खंड हलले नव्हते. त्यांच्यामधली जमीन समुद्रात बुडाली होती.

माझ्या शिक्षकांनी मला हेच शिकवलं होतं. जुन्या काळी खंडांना जोडणारे जमिनीचे पूल होते आणि ते बुडाले. ऐकायला सोपं, द्वारकेसारखं. पण हा बुडण्याचा हिशेब जमत नव्हता, आणि तो जमत नाही हेसुद्धा भारतातच कळलं होतं. सर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरून मोजलं तर एक येई, साखळीने आणि कोनांनी मोजलं तर दुसरं. फरक सुमारे पाच विकलांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५मध्ये सुचवलं की हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे चूक होते. मग त्यांनी ही ओढ किती असावी याचं गणित केलं, तर उत्तर पंधरा विकलांच्या वर आलं. हिमालय जेवढा दिसतो, तेवढी त्याची ओढ नाही. म्हणजे पर्वताखालचं द्रव्य हलकं असलं पाहिजे. खंड हे खालच्या जड थरावर लाकडी ओंडक्यासारखे तरंगत असले पाहिजेत. आणि ओंडका बुडत नाही. खंडाच्या आकाराची हलकी जमीन समुद्रतळाच्या जड खडकात बुडवणं अशक्य होतं. हे कळत असूनही भूवैज्ञानिक पन्नास-साठ वर्षं पुलांना धरून राहिले, कारण दुसरा पर्याय त्याहून अशक्य वाटत होता.

आल्फ्रेड वेगेनर यांनी तोच पर्याय उचलला. ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ, भूविज्ञानात उपरे. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टमध्ये त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, १९१५मध्ये पहिल्या महायुद्धात जखमी होऊन रजेवर असताना पुस्तक काढलं आणि १९२९पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या केल्या. त्यांच्या मांडणीत तालचेर आणि इरईच्या बर्फाला मोठं स्थान आहे. दक्षिणेचे सगळे खंड एकत्र आणून ठेवले की विखुरलेले हिमक्षेत्राचे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र येतात. ग्लॉसोप्टेरिसचं रानही तिथेच सांधलं जातं. १९१२मध्ये कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात पस्तीस पौंड दगड सापडले होते. उपासमार होत असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचं पान होतं.

तरीही वेगेनर हरले. १९२६मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या परिसंवादात त्यांच्यावर झोड उठली. यात निव्वळ आकस होता असं मला वाटत नाही. खंड कोणत्या बळाने सरकतात, याचं त्यांनी दिलेलं उत्तर खरोखरच लंगडं होतं आणि केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी ते बळ लाखो पटींनी अपुरं असल्याचं गणिताने दाखवलं. ग्रीनलंड दरवर्षी काही मीटर सरकतो, ही वेगेनर यांची मोजणीही चुकीची होती. पुरावे सांगणारी मंडळी दक्षिणेकडची आणि पुरावे नाकारणारी उत्तरेकडची, हा मात्र एक लक्षात घेण्याजोगा भेद आहे. दक्षिण आफ्रिकेचे आलेक्स द्यु टॉइट आयुष्यभर खंडवहनाच्या बाजूने लिहीत राहिले. आपल्याकडे बिरबल साहनी यांनी तिशीच्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे वेगेनर यांच्या सिद्धांताची दखल घेतली. ज्यांच्या अंगणात इरईसारखा दगड नव्हता, त्यांना तो दगड नाकारणं सोपं गेलं. वेगेनर नोव्हेंबर १९३०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारले. त्यांच्या वाट्याला विजय आलाच नाही.

इथपर्यंतची कथा बहुतेक पुस्तकांत असते. माझ्या मते खरी गोष्ट यानंतर, वीस वर्षांनी सुरू होते आणि तिच्यात सोनं आहे.

पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल मिळवलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. पंडित नेहरूंचे परिचित, स्वतंत्र भारताच्या संरक्षणविषयक विज्ञानाचे सल्लागार. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली की कोणतीही फिरणारी जड वस्तू केवळ फिरण्यामुळेच चुंबकीय होते, पृथ्वीचं चुंबकत्वही असंच आहे. हे तपासायला त्यांनी पंधरा किलोंहून थोडा अधिक वजनाचा शुद्ध सोन्याचा दंडगोल बँक ऑफ इंग्लंडकडून उसना घेतला आणि लाकडी झोपडीत एक विलक्षण संवेदनशील चुंबकमापी उभारला. बारीक धाग्याला टांगलेले दोन समान चुंबक, एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेले, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणाम एकमेकांत विरून जातो आणि जवळ ठेवलेल्या वस्तूचं अगदी क्षीण चुंबकत्वही कळतं. उत्तर नकारार्थी आलं. १९५२मध्ये त्यांनी आपली कल्पना चुकीची असल्याचं स्वतःच प्रसिद्ध केलं. सोनं परत गेलं, यंत्र उरलं. त्या यंत्राखाली ठेवायला आता दगड आले.

दगडाचं चुंबकत्व ही कल्पना समजायला अवघड नाही. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा अकराशे-बाराशे अंश तापलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. सुमारे ५८० अंशांच्या खाली निवताना हे कण त्या क्षणी, त्या जागी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल ती धरून ठेवतात. भट्टीतली वीटही हेच करते. पण होकायंत्राच्या काट्याला आपण फक्त आडवं फिरू देतो, म्हणून त्याचा निम्माच स्वभाव आपल्याला कळतो. काट्याला वरखालीही मोकळं सोडलं तर तो विषुववृत्ताजवळ आडवा राहतो, उत्तरेकडे जावं तसं त्याचं उत्तर टोक खाली झुकत जातं आणि चुंबकीय ध्रुवावर तो थेट उभा राहतो. दक्षिण गोलार्धात तेच टोक वर उचललं जातं. या झुकण्याला चुंबकीय नती म्हणतात. थुंबा इथे रॉकेटचं केंद्र उभारलं ते चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणूनच. तिथे काटा जवळजवळ आडवा असतो. आपल्या अलिबागला तो पंचवीस अंशांच्या आसपास खाली झुकतो. (अलिबागची वेधशाळा तिथे का, हा प्रश्न सहलीला गेलेल्या कुणी विचारत नाही. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवलं गेलं. त्यामुळे नोंदींची मालिका आजवर अखंड राहिली.)

थोडक्यात, दगडातल्या नतीवरून तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येतं. सूत्र एका ओळीचं आहे: नतीची टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. आमच्या नववीच्या मुलांना नाही, पण अकरावीच्यांना सहज जमेल.

आता प्रश्न असा की कोणता दगड घ्यायचा? केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या टेड अर्व्हिंग या तरुण विद्यार्थ्याला हे सर्वांत आधी सुचलं. खंडवहन खरं असेल तर सगळ्यांत लांब प्रवास भारताने केला असला पाहिजे, तोही थेट दक्षिणेकडून उत्तरेकडे. अक्षांशात पडलेला फरक तिथे सगळ्यांत मोठा दिसेल. त्याने भारतातून दख्खनच्या काळ्या दगडाचे मोजके नमुने मिळवून मोजले. नती दक्षिण गोलार्धाची निघाली. १९५४मध्ये त्याचा प्रबंध केंब्रिजने नाकारला. तो ऑस्ट्रेलियाला गेला, काम करत राहिला आणि १९६५मध्ये त्याच केंब्रिजने त्याला त्याहून वरची, डॉक्टर ऑफ सायन्सची पदवी दिली. या अकरा वर्षांत त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी कधी कधी करतो.

ब्लॅकेट तोवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आले होते. त्यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवरचं काम १९५६मध्ये प्रसिद्ध केलं. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही याच विषयावर काम सुरू झालं. तिथल्या सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्याबरोबर १९५८ आणि १९५९मध्ये दख्खनच्या लाव्हांवर, तर क्लेग यांच्याबरोबर बंगाल-बिहारकडच्या राजमहाल टेकड्यांच्या त्याहून जुन्या लाव्हांवर निबंध लिहिले. या पहिल्या काही वर्षांत खंडाळ्यापासून छिंदवाड्याकडच्या लिंग्यापर्यंत ठिकठिकाणचा दगड गोळा झाला. दगड उचलण्याआधी त्याच्यावर उत्तर कुठे आणि आडवी पातळी कोणती याच्या खुणा करायच्या. ही खूण चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ. सर्वेअरचं काम आणि जवाहिऱ्याचं काम दोन्ही एकत्र.

निष्कर्ष काय निघाला ते जरा सावकाश सांगतो, कारण मला स्वतःला तो समजायला चार दिवस लागले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेची दक्षिण होते. फ्रान्सच्या ब्रुन यांना १९०६मध्येच उलट्या दिशेचा दगड सापडला होता. पण क्षेत्र उलटतं की दगडच काही कारणाने उलटा होतो, हा वाद १९५६मध्ये अजून मिटला नव्हता. सह्याद्रीच्या खालच्या थरांतले लाव्हा उलटे निघाले: त्यांचं 'उत्तर' टोक आग्नेयेकडे झुकलेल्या दक्षिणेकडे आणि खाली. महाबळेश्वरच्या माथ्याकडचे वरचे थर सुलटे निघाले: टोक वायव्येकडे झुकलेल्या उत्तरेकडे आणि वर. एकच सरळ रेषा, फक्त बाण इकडचा तिकडे. उत्तर गोलार्धात सुलटा दगड असता तर त्याचं टोक उत्तरेकडे आणि खाली असतं. म्हणजे क्षेत्र उलटलेलं माना वा दगड उलटलेला माना, रेषेचा कल दक्षिण गोलार्धाचाच येतो. वादातला कोणताही पक्ष खरा ठरो, सह्याद्रीची साक्ष बदलत नव्हती.

ही नती पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या घरात आहे. सूत्रात घातली की अक्षांश येतो सुमारे सत्तावीस ते एकतीस अंश दक्षिण. आजचा खंडाळा एकोणीस अंश उत्तरेच्या किंचित खाली आहे. म्हणजे हा डोंगर, त्यावरचा बोरघाट, खालचं कोकण हे सगळं पाच हजार किलोमीटरांहून अधिक उत्तरेकडे आलं आहे आणि येताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वीसेक अंश वळलं आहे. राजमहालचा दगड आणखी दक्षिणेचा अक्षांश सांगतो, तोही जवळजवळ पंचेचाळीस अंश. जितका जुना दगड तितका दक्षिणेकडचा. दख्खनच्या लाव्हाचं वय आज सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं धरतात, तेव्हा सरासरी वेग वर्षाला आठ सेंटीमीटर पडतो. सुरुवातीला तो पंधरा सेंटीमीटरच्याही वर होता; तिबेटाला धडक बसल्यावर मंदावला आणि आज पाचेक सेंटीमीटर आहे. नखं वाढतात त्याहून थोडा जास्त.

यानंतर सगळ्यांनी मान डोलवायला हवी होती. तसं झालं नाही. खंड जागेवर राहून पृथ्वीचं सबंध कवचच ध्रुवांच्या मानाने सरकलं असेल, असा एक आक्षेप होता. त्याचं उत्तर तुलनेत होतं: त्याच वयाच्या युरोपीय दगडांवरून काढलेला ध्रुव एकीकडे येई आणि भारतीय दगडांवरून काढलेला दुसरीकडे. एकाच वेळी पृथ्वीला दोन उत्तर ध्रुव असू शकत नाहीत, तेव्हा भारत आणि युरोप एकमेकांच्या मानाने हलले हे मानावं लागतं. दुसरा आक्षेप असा की दगडाचं चुंबकत्व भरवशाचं नाही. उन्हापावसाने झिजताना, पुन्हा तापताना, वीज पडून ते बदलतं. हा आक्षेप खरा होता. म्हणून संशोधकांनी दगड 'धुवायची' पद्धत काढली, म्हणजे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात किंवा भट्टीत धरून वरवरचं, नंतर चिकटलेलं चुंबकत्व काढून टाकायचं आणि मूळचं मोजायचं. आणि डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाचे नमुने टाळायचे, कारण तिथे विजा पडतात. विजेचा प्रवाह कातळातून जातो तेव्हा त्या जागेपुरता दगड मूळच्या कितीतरी पट जोरकस आणि भलत्याच दिशेने चुंबकित होतो. असा दगड जवळ आणलेल्या होकायंत्राचा काटा फिरवतो.

हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. पांडवगडाच्या माथ्यावरचा तो कातळ. दगड सगळीकडे सारखा, पण वीज सगळीकडे पडलेली नाही. नववीतल्या मुलाचा प्रश्न अचूक होता. व्यवसायाने दगड मोजणारी माणसं ज्यावर भांडत होती, त्याच जागी तो येऊन पोचला होता आणि मी त्याला उशीर होतोय म्हणून सांगितलं.

पुढचा भाग थोडक्यात, कारण तो सर्वत्र छापलेला आहे. भूवैज्ञानिकांचं मत शेवटी फिरलं ते जमिनीवरच्या दगडांनी नाही, समुद्रतळाच्या दगडांनी. त्यातही पहिला मोठा पुरावा आपल्या दारातला. अरबी समुद्रात, भारत आणि आफ्रिकेच्या मधोमध पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. (नाव बिअरचंच. त्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने डेन्मार्कच्या सागरी मोहिमेला पैसे दिले होते.) १९६२मध्ये ड्रमंड मॅथ्यूज यांनी 'ओवेन' या जहाजावरून या रांगेवर चुंबकीय मोजणी केली आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने त्या आकड्यांचा अर्थ लावला. रांगेच्या मध्यातून नवा लाव्हा वर येतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि क्षेत्र उलटलं की पुढचा पट्टा उलटा छापला जातो. सप्टेंबर १९६३मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही त्याच वर्षी हीच कल्पना मांडली होती, पण दोन नियतकालिकांनी ती परत पाठवली. १९६६-६७पर्यंत इतर महासागरांतूनही असेच पट्टे मिळाले आणि विरोध मावळला. भूपट्टांचं गणित मांडणारा मॅकेन्झी आणि पार्कर यांचा निबंध ३० डिसेंबर १९६७ रोजी प्रसिद्ध झाला. त्याआधी एकोणीसच दिवस, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला होता. तो पट्टाच्या कडेवरचा नव्हता, धरणाच्या जलाशयाशी त्याचा संबंध जोडला जातो, तेव्हा ओढूनताणून नातं जोडायचं कारण नाही. पण त्या पहाटे घरातली भांडी मांडणीवरून खाली आलेली मला आठवतात. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि जमीन हलते हे कळायला मला कोणत्याही निबंधाची गरज लागली नाही.

मला एक मात्र खटकतं. या इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत व्हाइन आणि मॅथ्यूज असतात, बहुतेक वेळा ब्लॅकेट असतात, अर्व्हिंग आता आता येऊ लागले आहेत. राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे ही नावं फक्त जुन्या निबंधांच्या माथ्यावर सापडतात. त्यांनी शोध लावला आणि तो हिरावला गेला, असा माझा दावा नाही. मूळ कल्पना इंग्लंडमधली होती. पण मुंबईत बसून सह्याद्रीचा दगड मोजणारी, आणि तो पाच हजार किलोमीटर चालत आला आहे हे आपल्या हाताने कागदावर लिहिणारी पहिली माणसं कोण, हे निदान मराठी शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला काय हरकत आहे? मी तीस वर्षं शिकवलं आणि मला माहीत नव्हतं, म्हणून विचारतो.

मागच्या हिवाळ्यात त्या मुलाचा पत्ता काढला. मुलगा कसला, एसटीतून नुकताच निवृत्त झालेला चालक. बरीच वर्षं महाबळेश्वरवरून महाडची गाडी घेऊन जायचा. मी पांडवगडाची गोष्ट काढली तर त्याला होकायंत्र आठवत नव्हतं. आठवत होतं ते उतरताना कुणाची तरी चप्पल तुटली आणि मी माझी दिली हे. मला ते आठवत नव्हतं. तरी मी वीज आणि कातळ सांगितलं, मग ओघात दख्खन, दक्षिण गोलार्ध, सगळंच. त्याने ऐकून घेतलं.

"सर, मग आंबेनळीत कातळाला गोल भोकं आहेत ती त्याचीच का? रस्त्याकडेला, बोट जाईल एवढी. आम्ही समजायचो सुरुंगाची असतील."

मी म्हणालो, पाहिल्याशिवाय सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या मुलाच्या गाडीने गेलो. पोलादपूरच्या अंगाला, वळणावर, डोळ्यांच्या उंचीवर एका लाव्हाच्या थरात सात भोकं होती, इंचभर व्यासाची, कडा स्वच्छ, ड्रिलने नळकांडीसारखा दगड काढून नेल्यावर राहतात तशी. एकाच्या वर फिकट झालेला रंगाचा बाण होता. त्याने खिशातला मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र लावलं आणि बाणाशेजारी धरलं.

"इथे नाही फिरत, सर," तो म्हणाला.